रेसकंट्रोल : कर्नलमधून कॅशे आणि मेमरी-बँडविड्थचे काउंटर वाचण्याच्या सोयीचा परिचय व अभिप्राय

एकाच सर्व्हरवर डेटाबेस, रात्रीचे अहवाल तयार करणारी कामे आणि दोन-तीन वेब सेवा एकत्र नांदत असल्या की एक प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. मेमरी शिल्लक आहे, डिस्क शांत आहे, नेटवर्कवर ताण नाही, प्रोसेसरचेही बरेच कोअर रिकामे आहेत, आणि तरीही डेटाबेसचे उत्तर नेहमीपेक्षा उशिरा येते आहे, ते का? 'टॉप'सारखी नेहमीची साधने इथे उपयोगी पडत नाहीत, कारण मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत खोळंबलेला कोअरही त्यांच्या लेखी कामातच असतो. खरी टंचाई असते ती अनेक कोअरांनी मिळून वापरायच्या तिसऱ्या स्तरावरील कॅशेची, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या पण जलद साठवणीची, किंवा त्या कॅशेपासून मेमरीपर्यंतच्या वाटेवरील वहनक्षमतेची, म्हणजेच बँडविड्थची. या दोन्हींपैकी कोण किती घेतो आहे याची मोजदाद खुद्द प्रोसेसरच ठेवू शकतो, आणि त्याच्या काउंटरांत असलेली ही मोजदाद लिनक्स कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, आपल्याला 'रेसकंट्रोल' नावाच्या फाइल-सिस्टिममधून वाचू देते.

गेली काही वर्षे मी सामायिक सर्व्हर सांभाळण्याच्या कामात ही सोय नियमितपणे वापरते आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. रेसकंट्रोलची दोन अंगे आहेत. एकाने कॅशेचे आणि बँडविड्थचे वाटप करता येते, दुसऱ्याने नुसती देखरेख. वाटपाचा विषय मोठा आहे आणि त्यात चुकले तर चालू सेवेला धक्का बसतो. देखरेखीत तो धोका फारसा नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. हा अभिप्राय देखरेखीपुरताच आहे. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, कारण ही सोय कर्नलचाच भाग आहे. मात्र प्रोसेसर सर्व्हर वर्गातला आणि ती क्षमता असलेला हवा. '/प्रॉक' खालच्या 'सीपीयू-इन्फो' फाइलमध्ये 'सीक्यूएम'ने सुरू होणारी चिन्हे दिसली तर यंत्र योग्य आहे असे समजावे. भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ती बहुधा दिसत नाहीत.

आजची सोय का आवडते हे कळण्यासाठी आधीची आठवणे भाग आहे. इंटेलने कॅशेच्या व्याप्तीवर, म्हणजे कोणाची किती माहिती कॅशेत आहे यावर, लक्ष ठेवण्याची क्षमता २०१४ च्या 'झिऑन ई५ व्ही३' मालिकेत आणली आणि मेमरी-बँडविड्थची मोजणी २०१६ च्या 'व्ही४' मालिकेत दिली. लिनक्समध्ये या काउंटरांचे वाचन प्रथम २०१५ च्या ४.१ आवृत्तीत 'पर्फ' या साधनाच्या मार्गाने आले. पर्फची रचना कोअरच्या काउंटरांसाठी झालेली आहे. सूचना किती पार पडल्या, शाखांचे अंदाज किती चुकले, असे प्रश्न त्याला विचारावेत. कॅशेच्या व्याप्तीचा प्रश्न मुळातच वेगळा आहे, कारण व्याप्ती ही घडून गेलेली घटना नसून टिकून राहिलेली स्थिती असते. कोणती मोजणी कोणाची हे कळण्यासाठी प्रोसेसर वापरतो ते ओळखक्रमांक अपुरे पडू लागले की ती जुनी व्यवस्था ते आळीपाळीने वेगवेगळ्या कामांना देत असे. त्यामुळे वाचलेला आकडा कधी खरा असे, कधी अर्धवट, आणि त्यातला कोणता कोणता हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसे. २०१७ मध्ये कर्नलच्या विकसकांनी तो भाग दुरुस्त करत बसण्याऐवजी सरळ काढून टाकला आणि ४.१४ आवृत्तीत देखरेखीचे काम रेसकंट्रोलकडे सोपवले. वाटपाचे अंग त्याआधीच, त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या ४.१० मध्ये दाखल झाले होते. चालू सोय अशी मुळापासून उखडून टाकणे वापरणाऱ्यांना त्रासाचे असते, तरी तो निर्णय योग्यच होता असे माझे ठाम मत आहे. चुकीचा आकडा देणाऱ्या मापकापेक्षा मापक नसलेला बरा.

प्रत्यक्ष यंत्रात काय घडते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचे बहुतेक गुणदोष त्यातूनच निघतात. प्रत्येक देखरेख-गटाला, म्हणजे ज्यांची मोजदाद एकत्र करायची अशा कामांच्या गटाला, एक ओळखक्रमांक मिळतो, त्याला 'आरएमआयडी' म्हणतात. कर्नल एखाद्या कोअरवर काम बदलते तेव्हा नव्या कामाच्या गटाचा क्रमांक त्या कोअरच्या एका विशेष रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या नोंदकप्प्यात, लिहिते. तेव्हापासून त्या कोअरने कॅशेत आणलेल्या प्रत्येक ओळीवर (कॅशेत माहिती ज्या छोट्या तुकड्यांनी येते-जाते त्यातल्या प्रत्येकावर) आणि मेमरीकडे पाठवलेल्या प्रत्येक मागणीवर तो क्रमांक चिकटतो. वाचताना आणखी दोन रजिस्टरे लागतात. पहिल्यात कोणत्या क्रमांकाची कोणती मोजणी हवी ते लिहायचे, आणि दुसऱ्यातून उत्तर उचलायचे. इंटेलच्या यंत्रांत ही तीन रजिस्टरे षोडशमान पद्धतीत सी८डी, सी८ई आणि सी८एफ या क्रमांकांवर आहेत. उत्तराच्या रजिस्टरमधले ६२ बिट आकड्यासाठी असून वरचे दोन बिट 'चूक झाली' आणि 'माहिती उपलब्ध नाही' हे सांगण्यासाठी राखलेले आहेत. या दोन बिटांकडे पुढे परत यायचे आहे.

वापरणाऱ्याला यातले काही हाताळावे लागत नाही. '/सिस/एफएस/रेसकंट्रोल' या जागी फाइल-सिस्टिम माउंट केली की मूळ डिरेक्टरी हाच पहिला गट असतो आणि सुरुवातीला यंत्रावरचे प्रत्येक काम त्यातच असते. 'मॉन-ग्रुप्स' या उपडिरेक्टरीत नवी डिरेक्टरी तयार केली की नवा गट तयार झाला. तिच्यातील 'टास्क्स' फाइलमध्ये कामाचा क्रमांक लिहिला की ते काम त्या गटात गेले. 'मॉन-डेटा' खाली प्रत्येक एल-थ्री, म्हणजे तिसऱ्या स्तरावरच्या, कॅशेसाठी एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात 'एलएलसी-ऑक्युपन्सी', 'एमबीएम-टोटल-बाइट्स' आणि 'एमबीएम-लोकल-बाइट्स' या तीन फाइली असतात. पहिलीत या क्षणी कॅशेत असलेले बाइट, दुसरीत मेमरीशी झालेली एकूण ने-आण, आणि तिसरीत त्यापैकी आपल्याच सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या जागेच्या) मेमरीशी झालेली ने-आण. 'कॅट' या साध्या आज्ञेने फाइल वाचली की एक दशमान आकडा हाती येतो. त्यासाठी ग्रंथालय जोडावे लागत नाही, प्रोग्राम नव्याने बांधावा लागत नाही, आणि शेल, पायथन, सी यांपैकी काहीही चालते. हातात दुसरे काहीच नसलेल्या यंत्रावर, अडचणीच्या वेळी, नुसत्या शेलवरून हे आकडे वाचता येतात, आणि ज्यांनी अशी वेळ अनुभवली आहे त्यांना या साधेपणाचे मोल वेगळे सांगायला नको.

साधेपणाचे कौतुक करतानाच पहिली सावधगिरी सांगितली पाहिजे. बँडविड्थच्या दोन्ही फाइली गट तयार झाल्यापासूनची बेरीज देतात, वेग देत नाहीत. वेग हवा असेल तर दोनदा वाचून, वजाबाकी करून, मधल्या वेळाने भागावे लागते, आणि तो मधला वेळ वाचणाऱ्याने स्वतः मोजायचा असतो, कारण फाइलमध्ये वेळेची नोंद नसते. स्क्रिप्टमध्ये 'एक सेकंद थांब' असे लिहून भागाकार एकाने करणे ही इथली नेहमीची चूक आहे, कारण ताणाखालच्या यंत्रावर तो सेकंद एक सेकंदाचा राहतोच असे नाही. ज्या वेळी आकडे सर्वांत मोलाचे असतात नेमके त्याच वेळी ते चुकतात. व्याप्तीची फाइल याउलट तात्कालिक असते आणि तिची वजाबाकी करून हाती काही लागत नाही.

दुसरी सावधगिरी थ्रेडांची. 'टास्क्स' फाइलला प्रक्रिया कळत नाही, तिला सुटा थ्रेड, म्हणजे प्रक्रियेच्या पोटात चालणारा कामाचा एकेक धागा, कळतो. डेटाबेसच्या मुख्य प्रक्रियेचा क्रमांक लिहिला तर फक्त तो मुख्य थ्रेड गटात येतो आणि आधीपासून चालू असलेले बाकीचे शंभर थ्रेड जुन्याच गटात राहतात. गटात आल्यानंतर जे नवे थ्रेड जन्मतात ते मात्र आपोआप त्याच गटात असतात. माझे पहिले दोन दिवस यातच गेले होते. डेटाबेस जवळजवळ काहीच वाचत नाही असे आकडे सांगत होते आणि मी त्यावर विश्वास ठेवून दुसरीकडे कारण शोधत बसले होते. सेवा सुरू होण्याआधीच तिच्या पालक-प्रक्रियेला गटात टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. काम एका गटातून दुसऱ्यात हलवले तरी कॅशेतल्या जुन्या ओळींवरचा क्रमांक बदलत नाही. कर्नलसोबतच्या दस्तऐवजात यासाठी एक बोलके उदाहरण दिलेले आहे. एखाद्या कामाची व्याप्ती ३ मेगाबाइट दिसते आहे आणि ते काम नव्या गटात हलवून लगेच दोन्ही गट वाचले, तर जुन्यात अजून ३ मेगाबाइट आणि नव्यात शून्य दिसण्याचीच शक्यता जास्त. पुढे ते काम जुन्याच ओळींना हात लावत राहिले तरी आकडे लगेच बदलत नाहीत. ओळी बाहेर पडून पुन्हा आत येतील तेव्हाच त्यांच्यावर नवा क्रमांक बसेल. घरात नवा भाडेकरू राहायला आला तरी दारावरची पाटी जुनीच राहावी, तसा हा प्रकार आहे. दोन गटांनी वापरलेल्या सामायिक ओळीचेही तसेच आहे. ती ज्याने आत आणली त्याच्या नावावर लागते, मग नंतर तिचा उपयोग कोणीही करो. म्हणून 'या प्रोग्रामने इतकी कॅशे वापरली' हे वाक्य काटेकोर नाही. 'या गटाच्या नावावर लागलेली इतकी कॅशे आत आहे' एवढेच म्हणता येते.

हाच धागा गट मोडल्यावर ओळखक्रमांकाचे काय होते या प्रश्नापर्यंत जातो, आणि रेसकंट्रोलच्या कर्त्यांनी इथे घेतलेली काळजी मला फार मोलाची वाटते. डिरेक्टरी काढून टाकली की गट संपतो, पण त्याच्या क्रमांकाच्या ओळी कॅशेत शिल्लक असतात. तोच क्रमांक लगेच नव्या गटाला दिला तर त्या बिचाऱ्या गटाच्या नावावर पहिल्याच वाचनात कोणाचा तरी जुना पसारा दिसेल. म्हणून कर्नल तो क्रमांक बाजूला ठेवते. या अवस्थेला विकसक 'लिंबो' म्हणतात. दर सेकंदाला एक काम येऊन त्या क्रमांकाची व्याप्ती तपासते आणि ती ठरावीक मर्यादेखाली आली की क्रमांक पुन्हा वापरात येतो. ती मर्यादा 'मॅक्स-थ्रेशोल्ड-ऑक्युपन्सी' या फाइलमध्ये दिसते आणि बदलताही येते. तिचे मूळ मूल्य ठरवताना कॅशेच्या आकाराला क्रमांकांच्या संख्येने भागतात. ३५ मेगाबाइटची कॅशे आणि ५६ क्रमांक धरले तर ते ६४० किलोबाइट, म्हणजे कॅशेच्या सुमारे १.८ टक्के येते.

वापरणाऱ्याच्या बाजूने याचा परिणाम असा की छोटी छोटी कामे सारखी येत-जात असलेल्या यंत्रावर, प्रत्येक कामासाठी गट करून लगेच मोडला, तर क्रमांक लवकरच संपल्यासारखे होतात आणि नवी डिरेक्टरी तयार होत नाही. अशा वेळी येणाऱ्या त्रुटीकडे नीट पाहावे. 'डिव्हाइस व्यस्त' असे उत्तर आले तर काही क्रमांक लिंबोत आहेत आणि थोड्या वेळाने प्रयत्न करता येईल. 'जागा नाही' असे आले तर सगळे क्रमांक खरोखरच वापरात आहेत. हा फरक मुद्दाम जपलेला आहे. किती क्रमांक आहेत ते 'इन्फो' डिरेक्टरीतल्या 'नम-आरएमआयडीज' फाइलमध्ये आधीच वाचून घ्यावे आणि कंटेनर-गणिक गट करण्याचा मोह असेल तर तो आकडा पाहूनच निर्णय घ्यावा. माझ्या अनुभवात कामाच्या प्रकारानुसार दहा-बारा कायमचे गट ठेवणे हे शेकडो अल्पायुषी गटांपेक्षा अधिक उपयुक्त ठरले. त्यातून निघणारे निष्कर्ष महिनोन्महिने तुलना करता येण्याजोगे असतात.

बेरजेचीही एक खाचखळगा आहे. वाटप-गटाच्या (मूळ डिरेक्टरी हाही असाच एक गट) 'मॉन-डेटा'मध्ये त्याच्या पोटातील सर्व देखरेख-गटांची बेरीज आधीच धरलेली असते. पालक आणि मुले असे दोघांचे आकडे घेऊन एकूण काढली तर तीच ने-आण दोनदा मोजली जाते. आलेख काढणाऱ्या तयार साधनांत ही चूक सहज राहून जाते.

आता त्या दोन बिटांकडे. प्रोसेसरने 'उपलब्ध नाही' असे सांगितले की फाइलमध्ये आकड्याऐवजी 'अनअव्हेलेबल' हा शब्द येतो, आणि विचारणाच चुकीची असेल तर 'एरर'. जुन्या व्यवस्थेत वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी आकडा पडत असे. इथे कर्नल अंदाज बांधत नाही, शून्य छापत नाही, मागचा आकडा पुन्हा दाखवत नाही. मला या साधनातली सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. पण ती पाळायची जबाबदारी मग वाचणाऱ्या प्रोग्रामवर येते. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये आकडा न मिळाल्यास शून्य धरण्याची सोय होती. शेलमध्ये लिहिताना हाताला तीच सवय असते. त्यामुळे आलेखात अधूनमधून बँडविड्थ तळाला गेल्याचे आणि पुढच्याच नोंदीत अचाट उसळल्याचे दिसे. कर्नलने जे प्रामाणिकपणे सांगितले होते ते मी मधल्या वाटेत पुसून टाकत होते.

एएमडीच्या यंत्रांवर या शब्दाची गाठ अधिक वेळा पडते. तिथे हा पाठिंबा कर्नलमध्ये २०१९ मध्ये आला. या प्रोसेसरांत ओळखक्रमांक भरपूर दिलेले असले तरी बँडविड्थ मोजणारे प्रत्यक्ष काउंटर त्याहून कमी असू शकतात, आणि कोणत्या क्रमांकाला काउंटर द्यायचा हे हार्डवेअर स्वतः ठरवते. काउंटर सुटला की त्या गटाचे वाचन 'अनअव्हेलेबल' येते, आणि पुन्हा मिळाला की मोजणी नव्याने सुरू होते. मधल्या काळातले काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही. गट मोजके ठेवणे हा यावरचा जुना उपाय. अलीकडच्या प्रोसेसरांत आणि कर्नलांत काउंटर कोणत्या गटाला द्यायचा हे वापरणाऱ्याला ठरवता येते. त्या पद्धतीत काउंटर न दिलेल्या गटाची फाइल 'अनअसाइन्ड' असे उत्तर देते. 'मोजायला सांगितलेच नाही' आणि 'मोजता आले नाही' या दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द मिळाले, ही सुधारणा छोटी दिसली तरी देखरेख करणाऱ्यासाठी फार मोठी आहे.

वाचनाचा खर्च हा विषय क्वचितच चर्चिला जातो. एखाद्या कॅशेचे काउंटर त्याच कॅशेशी जोडलेल्या कोअरवरून वाचावे लागतात, म्हणून प्रत्येक फाइल वाचताना कर्नल योग्य कोअर निवडून तिथे ते काम धाडते आणि उत्तराची वाट पाहते. दोन सॉकेटच्या इंटेल यंत्रावर कॅशेच दोन असल्याने हे सहज खपते. पण एएमडीच्या 'रोम' पिढीतल्या ६४ कोअरांच्या एका प्रोसेसरात प्रत्येकी १६ मेगाबाइटच्या १६ वेगवेगळ्या एल-थ्री कॅशे असतात. प्रत्येकीच्या तीन फाइली धरल्या तर एका गटासाठी ४८ आणि वीस गटांसाठी ९६० वाचने होतात. ती सगळी एका दमात, एकाच क्षणाची, मिळत नाहीत. पहिली फाइल आणि शेवटची फाइल यांत वेळ गेलेला असतो. म्हणून प्रत्येक फाइलच्या वाचनासोबत तिची स्वतःची वेळ नोंदवावी, संपूर्ण फेरीची एकच वेळ नव्हे. दर सेकंदाला सगळे वाचण्याची गरजही क्वचितच असते. दहा सेकंदांचे अंतर मला बहुतेक कामांना पुरले आहे.

आपण काहीच वाचत नसलो तरी कर्नल स्वतः दर सेकंदाला हे बँडविड्थ-काउंटर वाचत असते. इंटेलच्या मूळ रचनेत हा काउंटर २४ बिटांचा आहे आणि त्याचा आकडा ठरावीक गुणकाने गुणून बाइट मिळतात. गुणक ६५,५३६ बाइटांचा धरला तर काउंटर सुमारे १.१ लाख कोटी बाइटांनंतर पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १०० गिगाबाइट इतकी ने-आण चालू असेल तर ही वेळ अकरा सेकंदांत येते. कर्नल मध्येच वाचून आपली बेरीज वाढवत राहते म्हणून आपल्याला ही उलटापालट कधी दिसत नाही. एएमडीने काउंटर ४४ बिटांचा ठेवला आहे, तिथे ही चिंता खूपच कमी. ज्यांना काही कोअर पूर्णपणे निर्विघ्न हवे असतात, उदाहरणार्थ काटेकोर वेळेत काम करणाऱ्या प्रणालींसाठी, त्यांनी मात्र हे दर सेकंदाचे काम कोणत्या कोअरवर पडते ते पाहावे. नव्या कर्नलांत अशा राखीव कोअरांना शक्य तिथे वगळले जाते, जुन्यांत ही काळजी नव्हती.

आकडे कितपत खरे, हा शेवटी कोणत्याही मापकाचा मुख्य प्रश्न. इंटेलच्या ब्रॉडवेल आणि स्कायलेक सर्व्हर पिढ्यांत काही ठरावीक ओळखक्रमांकांसाठी बँडविड्थ चुकीची दाखवली जाते, हे कंपनीने स्वतः बीडीएफ१०२ आणि एसकेएक्स९९ या नोंदींत जाहीर केलेले आहे. त्यावरचा दुरुस्ती-गुणकांचा तक्ता कर्नलमध्ये ५.११ आवृत्तीत आला. त्या पिढ्यांच्या यंत्रावर त्याहून जुने कर्नल चालवत असाल तर दोन गटांची तुलना करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, कारण दोघांच्या आकड्यांतला फरक केवळ त्यांना मिळालेल्या क्रमांकांमुळेही असू शकतो. एका सॉकेटचे आतल्या आत भाग पाडणारी 'सब-नूमा क्लस्टर' ही सेटिंग चालू असेल तर २०२४ च्या ६.११ आवृत्तीपासून कर्नल प्रत्येक भागाचे आकडे वेगळ्या उपडिरेक्टरीत आणि वर त्यांची बेरीज देते. त्याआधीच्या आवृत्त्यांवर ही सेटिंग चालू असताना देखरेखीच्या आकड्यांवर मी कोणताही निर्णय घेणार नाही.

काउंटर बरोबर असूनही आपला अर्थ चुकू शकतो, याचीही दोन उदाहरणे देते. स्कायलेकच्या सर्व्हर पिढीपासून दुसऱ्या स्तरावरची कॅशे प्रत्येक कोअरमागे २५६ किलोबाइटवरून १ मेगाबाइट झाली आणि तिसऱ्या स्तरात तिची प्रत ठेवण्याचे बंधन उरले नाही. त्यामुळे एखाद्या कामाची सगळी सामग्री दुसऱ्या स्तरातच मावत असेल तर 'एलएलसी-ऑक्युपन्सी' अगदी लहान दिसेल आणि ते काम मात्र मजेत चालू असेल. बँडविड्थचे तसेच. प्रोसेसरने आगाऊ आणून ठेवलेल्या, पण पुढे न वापरलेल्या ओळीही तिच्यात मोजल्या जातात. प्रोग्रामने जितके मागितले त्याहून आकडा मोठा दिसला तर तो काउंटरचा दोष नसतो.

हे सर्व हाताने करायचे नसेल तर इंटेलचे 'पीक्यूओएस' हे साधन आहे. ते एका आज्ञेत कोअरनिहाय किंवा प्रक्रियानिहाय तक्ता दाखवते आणि तात्पुरत्या पाहणीला उत्तम आहे. त्याचे दोन मार्ग आहेत. एकात ते थेट रजिस्टरांशी बोलते, दुसऱ्यात कर्नलच्या रेसकंट्रोलमधून जाते. हे दोन मार्ग एकाच यंत्रावर कधीही मिसळू नयेत, कारण थेट लिहिलेले ओळखक्रमांक कर्नलला माहीत नसतात. कर्नलमधल्या सोयीचा खरा फायदा इथेच दिसतो. काम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेले तरी त्याचा क्रमांक त्याच्यासोबत जातो, आणि हे फक्त काम बदलणाऱ्या कर्नललाच जमू शकते. एकाहून अधिक साधने एकाच वेळी या फाइलींना हात लावणार असतील तर दस्तऐवजात सांगितल्याप्रमाणे 'एफ-लॉक' वापरावे: वाचणाऱ्याने सामायिक कुलूप, बदल करणाऱ्याने एकट्याचे. ही शिस्त कर्नल लादत नाही, ती आपणच पाळायची आहे.

दस्तऐवजीकरण चांगले आहे, उदाहरणे खरी आहेत, आणि वर सांगितलेल्या बहुतेक खाचाखोचा तिथे लिहिलेल्या आहेत. अडचण एवढीच की वाटप आणि देखरेख यांची सरमिसळ असल्याने फक्त वाचन करणाऱ्या माणसाला आपल्या उपयोगाच्या ओळी वेचून काढाव्या लागतात. २०२५ च्या ६.१६ आवृत्तीत रेसकंट्रोलचा सामायिक भाग इंटेल-एएमडीच्या डिरेक्टरीतून काढून कर्नलच्या फाइल-सिस्टिम विभागात हलवला गेला, आणि त्यामुळे आर्मच्या 'एमपॅम' या समांतर रचनेलाही त्याच फाइलींतून बोलण्याची वाट मोकळी झाली. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे काउंटर एकाच नावाच्या फाइलींतून वाचता यावेत यासाठी इतकी वर्षे नेटाने चाललेले हे काम मला मनापासून आदरणीय वाटते.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. एक, गटाचे सर्व आकडे वाचनाच्या वेळेसह एका फाइलमध्ये मिळावेत, म्हणजे शेकडो फाइली उघडण्याचा खर्च आणि वेळेचा घोळ दोन्ही टळतील. दोन, संपूर्ण प्रक्रियेचे थ्रेड एकदम हलवण्याची सोय असावी. तोवर ज्यांच्याकडे सामायिक सर्व्हर आहेत आणि शेजारच्या कामामुळे आपले काम मंदावते अशी शंका आहे, त्यांनी वाट न पाहता दोन-चार गट करून आकडे नोंदवायला सुरुवात करावी. निदान पंधरा दिवसांच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय वाटपाच्या फाइलींना हात लावू नये. आमच्या नोंदवहीत आता आकडा, 'अनअव्हेलेबल' आणि 'अनअसाइन्ड' या तीन अवस्था वेगळ्या साठवल्या जातात, आणि जिथे आकडा नव्हता तिथे आलेखाची रेषा तुटलेली दिसते.